अकरा जणींची गैरहजेरी

माझी थोरली बहीण प्रमोदिनी. आम्ही दिवेआगरचे, नारळी-पोफळीच्या वाडीवाले. सुपाऱ्या सोलायला घरातल्या सगळ्या बायका ओटीवर बसल्या की ताई दहा-बारा सुपाऱ्या सोलून उठायची, विहिरीपर्यंत जाऊन यायची, पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. आई वैतागायची. "मुंबईत बी. ए. होईपर्यंत चार वर्षं वर्गात कशी बसलीस गं तू?" असं तिने एकदा विचारलं, तर ताई म्हणाली, "खिडकीपाशी."

बी. ए. होऊन ती बोर्ली पंचतनला शाळेत शिकवायला लागली. रोज चालत जायची, चालत यायची. मुलांना ती आवडायची, पण तिला तिथे चैन नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिने कुठूनतरी विद्यापीठाच्या एका नव्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक मागवलं. कामगार कल्याण आणि मजूर व्यवस्थापन, दोन वर्षं. आता याला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात असं माझी नात सांगते. तेव्हा आमच्याकडे त्याला नावच नव्हतं, त्यामुळे आमच्या वडिलांना, अण्णांना, ते समजावून सांगणं अवघड गेलं.

"शिकून होणार काय म्हणालीस?" अण्णांनी विचारलं.

"कामगार कल्याण अधिकारी."

"म्हणजे गिरणीत नोकरी."

"गिरणीत, कारखान्यात, कुठेही. पाचशे माणसं असली की असा अधिकारी ठेवायलाच लागतो आता. कायदा झालाय."

"कायदा माणूस ठेवा म्हणतो. बाई ठेवा म्हणतो का?"

"बाई नको असंही म्हणत नाही."

अण्णा उठून वाडीत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दिघीला आगबोटीची चौकशी केली. १९५० च्या जूनमध्ये ताई गेली.

तिची पत्रं यायची ती घाईत लिहिलेली, ओळी वर चढत गेलेल्या. कायदे, वेतनाचे नियम, मानसशास्त्र, संघटनांचा इतिहास, असं सगळं ती शिकत होती आणि आठवड्यातले तीन दिवस तिला परळच्या एका गिरणीत अनुभवासाठी बसवत होते. तिथले लेबर ऑफिसर गुप्तेसाहेब सज्जन होते, पण त्यांनी तिला टेबलाच्या कडेला एक स्टूल दिलं आणि हजेरीचे तक्ते उतरवायला सांगितलं. "गोदू, इथे मला नुसते कागद दिसतात," तिने मला लिहिलं. "दोन भिंतींपलीकडे नऊशे माणसं काम करतात आणि मी त्यांच्या नावांपुढची शून्यं मोजते. शिकून हेच करायचं असेल तर शाळा काय वाईट होती?"

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रबंध लिहायचा होता. प्राध्यापकांनी विषय दिला, गैरहजेरी. गुप्तेसाहेबांनी एक यादी काढून दिली. सूत गुंडाळायच्या खात्यात सगळ्या बायकाच कामाला. त्यांतल्या म्हसळा तालुक्यातल्या अकरा जणी जानेवारीपासून आल्या नव्हत्या. मस्टरवर प्रत्येकीच्या नावापुढे एकच शेरा होता, 'गावी गेली'.

"तुम्ही तिकडच्याच," गुप्तेसाहेब म्हणाले. "जाऊन विचारा, का येत नाहीत. भातशेतीमुळे असणार. तसं सिद्ध झालं तर चांगला प्रबंध होईल."

एप्रिलात ताई घरी आली ती यादी घेऊनच. मी तेव्हा मॅट्रिकच्या परीक्षेला बसून मोकळी होते. एकट्या मुलीने आडगावांत फिरायचं नाही असं आईने बजावल्यामुळे मला तिच्याबरोबर पाठवलं. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आम्ही बोर्लीहून मोटारीने म्हसळ्याला जायचो आणि तिथून पायी वाड्यांवर. पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस होते. उतारावरची शेतं काळी पडलेली, सगळीकडे धुराचा वास. पहिल्या दोन दिवसांत सात जणी सापडल्या. एकीची सासू अंथरुणाला खिळली होती. दोघी पेरणीपर्यंत राहणार होत्या. एकीने मुलीचं लग्न काढलं होतं. दोघींना गिरणीच नको झाली होती. एक तापाने गेली होती, तिच्या नवऱ्याने आम्हांला गूळपाणी दिलं आणि मस्टरवरून नाव काढा म्हणाला. ताई सगळं लिहून घेत होती, पण पायवाटेवर मधेच थांबून वहीची पानं उलटीसुलटी करायची.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. हे सगळं गुप्तेसाहेबांना मुंबईत बसून ठाऊक होतं."

तिसऱ्या दिवशी आम्ही जनीच्या घरी गेलो. ती यादीतली आठवी. दारात झोळी टांगलेली होती आणि झोळीत मूल. ताईने सहज विचारलं, "केवढं झालं?"

"दीड महिन्याचा हाय."

ताईने वही काढली, बंद केली. वाटेला लागल्यावर बोटांवर महिने मोजले. "जानेवारीत ही 'गावी गेली', आणि मार्चात बाळंत झाली."

नववीच्या घरी तेच. दहावीच्याही घरी तेच. त्या दोघीही काही बोलायला तयार नव्हत्या. "आमीच आलो," एवढंच. ताई इतकी भरभर चालायला लागली की मी मागे पडले.

अकरावी रंगू. तिची सासू आवडाबाई अंगणात वाळल्या पानांचा पातेरा गोळा करत होती. आम्हांला पाहून ती उभी राहिली.

"रंगू इथं न्हाय. मुंबैला गेली."

"मुंबईच्याच गिरणीतून आलेय मी," ताई म्हणाली. "तिथे ती नाही."

"मंग मला काय ठावं न्हाय."

एवढ्यात मागच्या दारातून एक बाई मूल कडेवर घेऊन बाहेर आली. उंच, काळीसावळी, डोळे लाल झालेले. "म्या हाय रंगू," ती म्हणाली. "सासूबाय, ऱ्हाऊ द्या. ही बाय साहेबाकडची न्हाय दिसत. हिच्या चपलंचा अंगठा तुटलाय."

मग तिने सांगितलं. सहा वर्षं ती त्या खात्यात होती. खात्यावरच्या मुकादमीण सगुणाबाई. पोट दिसायला लागलं तशी सगुणाबाईंनी तिला बाजूला घेतलं. "म्हनाली, तुजं नाव कमी करते. बाळंत व्हऊन ये, परत लावून घेते. कुटं बोललीस तर दार बंद. म्या गावी न्हाय आले, बाय. मला धाडलं."

ताईचा आवाज चढला. "अगं, पण असं करता येत नाही! नऊ महिने नोकरी झालेल्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा द्यायला लागते. वीस वर्षांपूर्वीचा कायदा आहे. तुझी सहा वर्षं झालीत! मी हे लिहिते. तुम्हा चौघींची नावं घालून लिहिते."

आवडाबाईने हातातला पातेरा खाली टाकला. "लिव. तुजी परीक्षा व्हईल. हिची गिरनी जाईल. माजा ल्योक दादू गोदीत एकला काम करतो, त्याच्यावर सात तोंडं हायत. बाय, तू शिकलेली हायस, पर तुला कुनी सांगितलं आमाला न्याव पायजे म्हनून? आमाला काम पायजे."

ताईने वही मिटली. आम्ही निघालो. रंगू कुंपणापर्यंत मागे आली. "सासूबाय तापट हाय, राग नको मानूस. नाव नको लिवू. पर मला परत लावून घेतील असं काय करता आलं तर कर."

म्हसळ्याला पोचलो तर मोटार गेलेली. दुसरी अडीच तासांनी होती. मी एका दुकानाच्या फळीवर बसले. ताई त्या उन्हात रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. दुकानदाराने मला विचारलं, "कुणी आजारी आहे का तुमच्याकडे?"

मुंबईला परत जाऊन तिने प्रबंध लिहिला. त्यात एक प्रकरण या चौघींचं, नावांशिवाय. प्राध्यापक म्हणाले, "नावं नाहीत तर पुरावा नाही. पुरावा नसेल तर ही ऐकीव गोष्ट." गुप्तेसाहेबांनी ते प्रकरण दोनदा वाचलं आणि खिडकी लावून घेतली.

"मिस बाई, मी मालकांना कायदा समजावतो आणि मालक मला खर्च समजावतात. ही माझी नोकरी. हे प्रकरण विद्यापीठात गेलं तर गिरणीचं नाव कागदावर येईल. आणि जूनपासून मला एक मदतनीस बाई हवी आहे, तुमचाच विचार होता."

ताई त्यांच्यासमोर उभीच होती. खोलीत तीन फेऱ्या मारून ती म्हणाली, "प्रकरण काढून टाकते. पण चौघींना परत घ्यायचं. नवीन म्हणून नाही, जुन्या नोकरीत खंड न धरता. आधी ते करा, मग प्रकरण काढते."

आठ दिवसांनी चौघींना पत्रं गेली. ताईने प्रकरण काढलं. दुसऱ्या वर्गात पास झाली. प्राध्यापकांनी शेरा दिला, 'मेहनत दिसते, निष्कर्ष दिसत नाही.' अण्णांनी नोकरीची बातमी कळल्यावर बोर्लीच्या बाजारात पेढे वाटले. ताईने मात्र मला लिहिलं, "मी बरोबर केलं की विकलं, हे मला ठरवता येत नाही. झाडाखाली थांबावं तर मुंग्या चढाव्यात तसं होतं. एका ठिकाणी उभं राहवत नाही."

चौघींपैकी तिघी कामावर आल्या. नववीच्या नवऱ्याने तिला पाठवलं नाही. रंगू आली, पण ताई समोर दिसली की मान फिरवून निघून जायची. ताईला ते लागलं. तिची अपेक्षा काय होती, हे तिने मला कधी सांगितलं नाही.

दीड वर्ष गेलं. १९५३ च्या दिवाळीनंतर एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, रंगू ताईच्या टेबलापाशी आली. बरोबर दोन बायका होत्या, दुसऱ्या खात्यातल्या.

"ह्यांना बोलायचं हाय. पर हितं न्हाय. आयतवारी आमच्या खोलीवर ये."

ताई गेली. पुढच्या रविवारीही गेली. चार महिने ती लालबागच्या चाळींतून फिरत होती. रंगू पुढे, ताई मागे. बायका सांगायच्या, ताई लिहायची, वाचून दाखवायची, मग अंगठा. या वेळी नावं लपवायची नाहीत असं त्यांनीच ठरवलं होतं. सतरा जणी झाल्या. आवडाबाईचा निरोप आला होता म्हणे, "आता लिवायचं तर समद्यांचं लिव." ते सतरा कागद घेऊन ताई विद्यापीठाकडे गेली नाही. ती सरळ सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कचेरीत गेली.

तपासणी झाली. गिरणीने नऊ बायकांची रजा मान्य केली, आठ जणींच्या बाबतीत कागद सापडत नाहीत म्हटलं. आणि सगळा दोष सगुणाबाईंवर टाकून त्यांना काढून टाकलं. ताईच्या नोकरीची दोन वर्षांची मुदत मेअखेर संपत होती, ती वाढवली नाही. गुप्तेसाहेबांनी तिला चांगलं शिफारसपत्र दिलं, स्वतःच्या हाताने लिहून. "तुम्ही चांगल्या अधिकारी आहात," ते म्हणाले. "माझ्याकडे तुम्हांला जागा नाही."

त्याच आठवड्यात सगुणाबाई फाटकाबाहेर ताईला भेटल्या. साठीच्या जवळची बाई, हातात डबा. "सतरा जणींचं लिहिलंस. मला कुणी सांगितलं होतं, ते विचारलंस का? खात्याचे साहेब म्हणाले, पोटुशी बाई मस्टरवर दिसता कामा नये. मी नाही म्हटलं असतं तर माझं नाव गेलं असतं. अठ्ठावीस वर्षं होती मी त्या खात्यात."

ताई म्हणते, त्या क्षणी तिला पहिल्यांदा कळलं की आपण दोन वर्षं शिकलो, दोन वर्षं नोकरी केली, आणि एका माणसाला विचारायचं राहूनच गेलं.

ती घरी आली तेव्हा आई तिला म्हणाली, आता थोडे दिवस राहा. ती सहा दिवस राहिली. ठाण्याच्या पुढच्या एका औषधांच्या कारखान्यात तिने अर्ज केला होता, तिथून बोलावणं आलं. हजर व्हायच्या आधी चार दिवस हातात होते. त्या चार दिवसांत ती रोज मुंबईत काळाचौकीला सगुणाबाईंच्या खोलीवर गेली. तीन दिवस त्यांनी दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी त्यांची सून कोकिळा हिने दार उघडलं आणि आतून सगुणाबाईंचा आवाज आला, "येऊ दे तिला. पण मी सांगेन तसंच लिहायचं."

त्यांनी पाऊण तास सांगितलं. खात्याच्या साहेबांचं नावही सांगितलं. खाली अंगठा नव्हे, मोडीत सही केली. ताईने तो अठरावा कागद इन्स्पेक्टरच्या कचेरीत नेऊन दिला आणि पोच घेतली. त्याचं पुढे काय झालं ते आम्हांला समजलं नाही. ताईने पुढची आठ वर्षं, म्हणजे अगदी १९६२ पर्यंत, दर वर्षी एक पत्र टाकून विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर आलं, 'प्रकरण विचाराधीन आहे.'