पोटातल्या जिवाचा वाटा

आमच्या लेकीला गावच्या बोडीतल्या मासोळीचा पहिला वाटा मिळाला, तेव्हा तिच्या जन्माला चार महिने बाकी होते.

अर्जुनी मोरगावच्या अलीकडं आमचं गाव. उन्हाळ्यात बोडी, म्हणजे आमचं गावतळं, आटत आली की जाळं टाकतात आणि माणशी एक वाटा घरोघर देतात. माझी बायको सुनंदा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर, आणि डोहाळे नेमके बोडीच्या मासोळीचे! (बाजारातली आणली, तर तिनं तोंड फिरवलं.)

"मी दोन जीवांची आहो. मले दोन वाटे पायजेत," ती म्हणाली.

"आणतो," मी म्हणालो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं मला सगळं सोपं वाटतं. (माझा वाटा तिला देता आला असता. पण मासोळी मलाही आवडते.)

बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, डोमाकाका वाटे लावत होते. "मास्तर, तुमची माय, तुमी, बायको. तीन!"

"चार," मी म्हणालो.

"चौथा कोण गा?"

"पोटात आहे."

पारीवरचं सारं गाव माझ्याकडं पाहायला लागलं.

"काऊन मास्तर, जो अजून आलाच नाई, तो खाईन कसा?"

मग काय, मी तासच सुरू केला! काळीज सहाव्या आठवड्यात धडधडतं, आता हातपाय आहेत, बोटं आहेत. "सोनोग्राफीत मी स्वतः पाहिलं, काका!"

"नाळ तुटल्याबिगर माणूस कसा म्हणाचा?"

"पाच लेकरं तुमी काढले का मी?" काकू मागून कडाडल्या. "पोटात हालून राहिलं म्हणजे जीव आला. उगे राहा!"

मासोळीवर माशा घोंगावत होत्या, मांजरं जवळ सरकत होती. शेवटी ठरलं: पोटात हालतो तो माणूस. चौथा वाटा मी असा मिरवत उचलला, जसा काही जीव मीच शोधून काढला!

"थांबा मास्तर," काका म्हणाले. "उद्यापासून बोडीचा गाळ काढाचा आहे. माणशी एक दिवस. म्हातारी-लेकरांचा, पोटुशी बाईचा दिवस कर्ता माणूस भरते, माहीत आहे ना? तुमचे चार झाले."

"काका, ते लेकरू अजून जन्मलं नाही!"

"आताच तर सांगून राहिले होते, हातपाय सारं आहे म्हणून!"

सारी पार हसली. काकूही.

सुनंदानं मात्र दोन्ही वाटे चाटूनपुसून खाल्ले आणि माझा हात पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. माझे डोळे भरून आले. जीवच तो, खराखुरा!

पुढचे चार दिवस गुडघाभर चिखलात घमेली उचलली. चौथ्या दिवशी कंबर धरली ती धरलीच. सुनंदा शेक देत होती.

"अवो," ती म्हणाली, "तुमचाच वाटा मले देऊन टाकला असता तर?"

काळीज सहाव्या आठवड्यात सुरू होतं, हे मी आजही वर्गात शिकवतो. अक्कल केव्हा सुरू होते, ते पुस्तकात दिलेलं नाही. माझी छत्तिसाव्या वर्षी सुरू झाली.