थाळ्या कुठायत?

टेपरेकॉर्डरवरचा बारका काटा आवाज वाढला की लाल पट्ट्यात उडी मारतो. मला ते बेशिस्त वाटायचं. म्हणून वस्तीच्या संग्रहासाठी जुन्या पाणी-मोर्च्याची कॅसेट संगणकावर उतरवताना मी मोठ्या हौसेनं सगळा खडखडाट पुसून टाकला. मोर्च्यासमोर बोलणाऱ्या पुढाऱ्याचं भाषण कसं रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ झालं!

ऐकायला त्याच मोर्च्यातल्या बायका आल्या. शेवंतामावशींनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "आमच्या थाळ्या कुठायत?"

"तो गोंगाट मी काढला, मावशी. भाषण ऐकू येत नव्हतं."

"ते ऐकू येऊ नये म्हणूनच बडवत होतो, मुडद्या! तो म्हणत होता घरी जा, पाण्याचं पुढच्या वर्षी बघू."

मूळ कॅसेट शाबूत होती, म्हणून मीही शाबूत राहिलो. पण इतिहासात पुढारी एवढे स्पष्ट का ऐकू येतात, ते तेव्हा कळलं. माझ्यासारखा कुणी नीटनेटका माणूस आधीच हात फिरवून गेलेला असतो. मग नातवंडांना वाटतं, आपल्या आज्या मुकाट्यानं घरी गेल्या.

मी मूळ कॅसेट लावली. थाळ्या कडाडल्या. मावशींनी चहाचा ट्रे उचलून चमच्यानं ठेका धरला. शेजारच्या ऑफिसातून कुणीतरी ओरडलं, "अहो, आवाज कमी करा!"

काटा लाल पट्ट्यात जाऊन तिथेच थरथरत उभा होता. मी आवाज आणखी वाढवला.