आधी इचार त्याला

“वडू नको गो बाय! आधी इचार त्याला!”

पेनड्राइव्हला माझा हात लागायचा अवकाश, दादा ओरडलेच. राहनाळच्या गोडाऊनच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. मी बिलं करायची, ते आला-गेला माल बघायचे. आधी खालच्या कोपऱ्यातला हिरवा बाण दाबायचा, ‘आता काढा’ असं कॉम्प्युटर म्हणेपर्यंत थांबायचं, मगच काढायचं. घाईच्या वेळी असा राग यायचा म्हणून सांगू! “दादा, पेनड्राइव्ह आहे तो, जावई नाही,” मी म्हणायची. ते हसायचे, पण माझा हात काही सोडायचे नाहीत.

असा एखादा कटकट्या माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच.

त्यांची बायको धवलारीण होती. त्यांच्या दिघाशी गावात लग्न असलं की हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला काकीच हव्यात. एका हळदीत पुतण्याने त्यांचं गाणं कुणाच्या तरी कॅमेऱ्यात घेतलं, पेनड्राइव्हवर उतरवलं. त्याच वर्षी काकी काविळीने गेल्या. कॅमेऱ्यातलं केव्हाच पुसलं होतं. त्यांचा आवाज उरला तो तेवढाच.

त्याची सीडी करायला दादा तो पेनड्राइव्ह ऑफिसात घेऊन आले. कॉपी चालू होती आणि लोडशेडिंगची वेळ झाली. लाइट जाताना झटका बसून जळेल, या भीतीने दादांनी तो खसकन उपटला. वाचवायलाच उपटला हो! लाइट आल्यावर बघतात तर काही उघडेना. नारपोलीच्या दुकानदारानेही हात टेकले.

तरी दादा रोज सकाळी तो लावायचे. “फॉर्मॅट करू का?” कॉम्प्युटर विचारायचा, म्हणजे सगळं पुसून कोरा करू का.

“न्हाय,” दादा मोठ्याने म्हणायचे आणि ‘नो’ दाबायचे. मग हिरवा बाण, मग थांबणं, मग रुमालात गुंडाळून खिशात. “ती हाय यात. आपल्याला दिसत न्हाय, एवढाच.”

मी बिलात तोंड खुपसायची.

एका सकाळी पेनड्राइव्ह लावला आणि दादांनी खुर्चीतच मान टाकली. रिक्षात घालून नेलं, पण काही उपयोग झाला नाही.

दुपारी पुतण्या ऑफिसात आला. पेनड्राइव्ह दादांच्या खिशात ठेवूनच त्यांना न्यायचं ठरलं होतं. कॉम्प्युटर अजून तेच विचारत होता.

“ताई, तिकडं सगळी थांबल्यात,” म्हणत त्याने हात पुढे केला.

मी तो हात धरला. “वडू नको रे बाबा,” मी म्हटलं, “आधी इचारू दे त्याला.”