काठी पुढे, सूर मागे

आज जिच्या कार्यक्रमांची तिकिटं हातोहात संपतात, ती तेव्हा वाद्यवृंदाच्या शेवटच्या रांगेत उभी राहून लोखंडी त्रिकोण वाजवायची. अख्ख्या कार्यक्रमात दोन-चारदा टिंग! बाकी वेळ नुसतं ऐकायचं. सगळे तिला 'टिंगू' म्हणत. ऐकून ऐकून प्रत्येकाचे सूर तिला तोंडपाठ झाले होते. म्हणूनच म्हाताऱ्या संचालकबुवांची पाठ आखडली तेव्हा त्यांनी अंथरुणातून निरोप धाडला, "आजची तालीम टिंगूला घेऊ दे. जमलं, तर शनिवारचा कार्यक्रमही तिचाच."

"आणि नाही जमलं तर?" तिने आईला विचारलं.

आई ब्लाउज बेतत होती. तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाली, "तर तुझा त्रिकोण आहेच की. पण परत कोण विचारणार आहे तुला?"

टिंगू चौथऱ्यावर चढली. तिने बुवांची ताल दाखवायची काठी उचलली, झोकात खाली आणली. काहीच वाजलं नाही!

म्हणजे वाजलं, पण काठी खाली येऊन गेल्यावर. पुन्हा तेच. हे पेंगताहेत, की मुद्दाम छळताहेत? मागच्या रांगेतून असं कधी दिसलं नव्हतं. तिथे आपणही सगळ्यांबरोबर उशिराच वाजवत होतो, हे काही तिच्या डोक्यात येईना. त्यांना सांभाळून घ्यावं म्हणून ती जरा थांबली. सूर आणखी रेंगाळले. ती आणखी थांबली. चाल होती नाचाची. बघता बघता तिची अंत्ययात्रा झाली.

"थांबा, थांबा!"

"थांबलोच आहोत गं बाई," ट्रम्पेटवाला म्हणाला. "अजून किती थांबू?"

हशा पिकला.

"तुम्ही सगळे उशिरा येताय!"

"तू हळू जातेस, म्हणून आम्ही हळू."

"मी तुमच्यासाठी हळू जातेय!"

"आणि आम्ही तुझ्यासाठी. घ्या! दारात उभं राहून नुसतं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'."

पहिल्या खुर्चीतले व्हायोलिनकाका मात्र हसले नाहीत. "पोरी, एवढ्या माणसांनी श्वास घ्यायचा, मग वाजवायचं, थोडं मागे पडणारच. बुवांच्याही मागेच असतो आम्ही. ते आमच्यासाठी थांबत नाहीत."

"म्हणजे ते ऐकतच नाहीत?"

"ऐकतात की."

"ऐकायचं, पण थांबायचं नाही? हे कसं जमायचं, काका?"

"ते मला काय माहीत? मी व्हायोलिन वाजवतो."

टिंगूने पुन्हा काठी उचलली. कानात पहिला ठोका, हातात दुसरा, डोक्यात नुसता काला. कान ओढत होते मागे, हात पळत होता पुढे, आणि ती स्वतः नेमकी कुठे होती देव जाणे. ट्रम्पेटवाल्याचा पाय हलायला लागला. चालीला नाच आठवला. शेवटचा सूर विरला तेव्हा तिची काठी कधीच खाली आली होती.

"शनिवारी हाच वेग ना?" काकांनी खुर्चीतूनच विचारलं.

"हाच!" ती ठासून म्हणाली.

कुठला होता तो, हे मात्र तिला काही केल्या आठवेना.