गाडीची आडवाट
नव्या सीट कव्हरांचा वास आला की मला आमच्या रिहे गावातली ती फेरी आठवते. वाट सांगणारा नकाशाचा पडदा बसवलेली गाडी घ्यायचं माझ्या मनात होतं, पण वडील म्हणायचे, "हितल्या वाटा मला ठाव हायेत, पडदा कशाला?" शेवटी मी शोरूमची गाडी चालवून बघायला आणली आणि त्यांना शेजारी बसवलं. बैल घेण्याआधी तो बुजतो का, हे बघायला वडील त्याला मुद्दाम आडवाटेला नेत; तसंच त्यांनी मला मधेच भातखाचरांकडच्या कच्च्या रस्त्याला वळायला लावलं. पडद्यावरचा नकाशा गरकन फिरला आणि त्यातून बोलणारी बाई शांतपणे इंग्रजीत परतीची वाट सांगू लागली. वडिलांनी बैलाची पाठ थोपटावी तसा डॅशबोर्ड थोपटला. "बुजली न्हाई. लई गुणाची हाय, घे." आता वाट मोबाइल दाखवतो, तरी चुकलेला रस्ता सापडला की माझा हात आपसूक डॅशबोर्ड थोपटतो.