आमच्याकडे माणूस नाही

कंपनीचा प्रस्ताव हातात आला की घरचे अण्णा तो शेवटच्या पानापासून वाचत. शेवटी दुरुस्ती केंद्राचा पत्ता असतो. तिथे ते आधी एस.टी.ने जाऊन येत. किंमत आणि रंगीत चित्रे त्यानंतर.

ते कोल्हापुरात पाणीपुरवठ्याच्या एका सरकारी कार्यालयात उपअभियंता होते. मी बातम्यांसाठी तिथे जात असे. प्रस्ताव तपासायला बाहेरची सल्लागार संस्था नेमायची, तर ‘आमच्याकडे हे काम जाणणारा माणूस नाही’ असा दाखला कार्यालयाला द्यावा लागे. दाखला अण्णांच्या टेबलावर येई आणि सहीविना परत जाई. “मी हितं बसलोय की. न्हाय कसं लिहू?” ते म्हणत. ‘घरचे’ हे नाव शिपायांनी त्यावरूनच पाडले.

नदीकाठच्या गावांच्या योजनेसाठी आलेल्या सर्वांत देखण्या प्रस्तावात पंपदुरुस्तीचे केंद्र जयसिंगपूरला दाखवले होते. अण्णांबरोबर मीही गेलो. त्या पत्त्यावर बेकरी होती.

“पंपाचं हितं काय न्हाय, पावणं,” मालक म्हणाला. “खारी घ्या, ताजी हाय.”

अण्णांनी खारी घेतली. प्रस्ताव बाद केला. फेरनिविदा निघाली.

तोवर त्यांची निवृत्ती जवळ आली होती. रिकाम्या जागा भरल्या जात नव्हत्या. हे काम शिकून घेईल असं माणूस एकच, कनिष्ठ अभियंता कांबळे बाई. त्यांना मतदारयाद्यांच्या कामावर पाठवलेले. अण्णा रोज वरिष्ठांच्या दारात उभे राहत. “बाईंना एवढ्या निविदेपुरतं तरी सोडा.”

“अण्णा, तुम्ही गेल्यावर गावं बुडणार हाईत व्हय?”

“बुडायला पाणी तर पायजे, साहेब.”

शेवटच्या आठवड्यात बाई एकदाच येऊन बसल्या. लगेच याद्यांसाठी बोलावणे आले. अण्णा जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. “शेवटचं पान आधी. पत्त्यावर सोता जायचं. फोनवर इश्वास न्हाय ठेवायचा.” “व्हय सर, व्हय सर,” म्हणत बाई उतरल्या. पुढे त्यांची बदलीच झाली.

अण्णांना शाल-श्रीफळ मिळाले. दाखल्यावर सही झाली. त्यात आता खोटे काही नव्हते. बाहेरच्या संस्थेने फेरनिविदेतून, जिचा प्रस्ताव अण्णांनी बाद केला होता, त्याच कंपनीची निवड केली. केंद्राचा पत्ताही तोच.

अण्णा पुन्हा जयसिंगपूरला गेले. तिथून मला फोन केला, “बेकरीच हाय अजून.” दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात गेले. निविदेबाबत बाहेरच्या व्यक्तीशी चर्चा करता येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मी बातमी दिली. कार्यालयाने खुलासा पाठवला. काम सुरू झाले.

उन्हाळ्यात त्यातल्या एका गावचा पंप जळाला. मी तेव्हा मंगळवार पेठेत अण्णांच्या घरी बसलो होतो. सरपंचांचा फोन आला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होते.

“अण्णा, बायका घागरी घिऊन दारात बसल्यात. दुरुस्तीला कुणाला बोलवायचं, तेवढं सांगा की.”

जयसिंगपूरचा पत्ता अण्णांना पाठ होता. फोन कानाशी धरून ते बसून राहिले. पलीकडून “अण्णा? हाईसा न्हवं?” असे दोनदा आले.