ब्रेकलाइट लागली नव्हती

अंबरनाथच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात राजरत्नची एकोणीस वर्षं गेली होती. वायर सोलणं, जोडणं, जोडावर प्लास्टिकची नळी चढवणं ही कामं तो इतकी मन लावून करायचा की सुपरवायझर नव्या लोकांना त्याच्या टेबलाशी आणून उभं करत. विठ्ठलवाडीच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये कुणाची साधी बेल बिघडली तरी त्यालाच हाक यायची. आपल्या हाताचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नसे.

पालेगावचा जयदेव त्याचा आयटीआयपासूनचा दोस्त. घरची भातशेती जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या, तसा जयदेवने रेती-खडी पुरवायचा धंदा धरला. त्याच्याकडे एक जुनी टूरिंग मोटरसायकल होती. लांब सीट, पुढे काच, मागे तीन पेट्या. रविवारी जयदेव पुढे, मागे त्याची बायको वेणू, आणि त्यांच्यामागे आपल्या साध्या गाडीवर राजरत्न, असे ते मुरबाड, कर्जत, कुठेही निघायचे. राजरत्नची बायको भावना कधी यायची, बहुतेकदा नाही. तिला पाठीचा त्रास होता.

गाडीची एकच खोट होती. मागचा दिवा जुन्या पिवळट बल्बचा, तोही पेट्यांच्या सावलीत झाकलेला.

"जयदेव, मागून तू दिसतच नाहीस रे," राजरत्न म्हणायचा. "एक दिवस कुणीतरी येऊन चढेल अंगावर."

"मंग लाव ना तूच कायतरी," जयदेव म्हणाला.

राजरत्न उल्हासनगरला गेला. ओळखीच्या सिंधी दुकानदाराने पाच तऱ्हेच्या एलईडी पट्ट्या काउंटरवर टाकल्या. "साईं, ये ले जाओ, पानी में डुबा दो तो भी जलेगा." राजरत्नने प्रत्येक पट्टी बॅटरीला लावून पाहिली, मगच एक निवडली. पालेगावच्या अंगणात दोन रविवार बसून त्याने ती वरच्या पेटीखाली बसवली. नुसती गाडी चालू असताना मंद लाल, ब्रेक दाबला की भडक लाल. इंडिकेटरही बदलले, आणि ते उगाच भराभर फडफडू नयेत म्हणून त्यांचा फ्लॅशरही बदलला. शेवटी जयदेव मागे जाऊन उभा राहिला, राजरत्नने ब्रेक दाबला आणि अंगणाची भिंत लाल झाली. वेणूने आतून टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच रविवारी तिघं बारवी धरणाच्या रस्त्याला गेले. दुपारी राजरत्नने गाडीचा मागून फोटो काढला आणि रायडर लोकांच्या ग्रुपवर टाकला. परतताना संध्याकाळ होत आली होती. फोन हँडलवर लावलेला होता आणि त्यावर एकामागून एक मेसेज उमटत होते. 'भारी काम', 'राजाभाऊ, आपल्या गाडीचं कधी?' राजरत्न ते वाचत होता. पुढे वळणावर शेळ्या आडव्या आल्या. त्याने मान वर केली तेव्हा समोर सगळं लालच लाल होतं. दिवा त्याला स्वच्छ दिसला, पण गाडी थांबायला जागाच उरली नव्हती.

त्याचं पुढचं चाक उजव्या पेटीवर आदळलं. जयदेवची गाडी आडवी झाली आणि वेणूचा पाय तिच्याखाली सापडला.

जयदेव धावत त्याच्याकडे आला. रागावलेला नव्हता, नुसता घाबरलेला होता. "काय झालं रं? ब्रेकलाइट लागली नाय का?"

आणि राजरत्नच्या तोंडून निघून गेलं, "नाही लागली."

दोन शब्द. ते बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. एवढ्यात शेळ्यांमागची बाई ओरडत आली, कुणीतरी टेम्पो थांबवला, वेणूला बदलापूरच्या दवाखान्यात नेलं, आणि शब्द मागे घ्यायची वेळ निघून गेली. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी जयदेव दवाखान्यात असताना राजरत्न पालेगावला गेला. टेम्पोवाल्याने गाडी अंगणात आणून टाकली होती. चावी तिलाच होती. त्याने ब्रेक दाबला. भिंत दिवा बसवला त्या दिवशीसारखीच लाल झाली. मग गुडघ्यावर बसून त्याने पेटीखाली हात घातला, स्वतःच चढवलेली नळी सरकवली आणि ब्रेकची वायर जॉइंटमधून ओढून काढली. आयुष्यात आपलं चांगलं काम त्याने स्वतःच्या हाताने मोडलं ते तेवढं एकदाच.

चार दिवसांनी जयदेवला ती सुटलेली वायर सापडली. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, राजाने लावलेली ना लाइट? जयदेवने लगेच उत्तर दिलं, 'राजाचं काम पक्कं होतं. आदल्या दिवशी पेटी मी काढली होती. माझ्याच हाताने वायर ओढली गेली.' वेणूच्या भावांनी त्याला दवाखान्याच्या दारात वाटेल तसं बोलून घेतलं. जयदेवने मान खाली घालून ऐकलं. राजरत्न तिथेच होता, हातात फळांची पिशवी धरून.

महिन्याभरात जयदेवने गाडी विकली. वेणूचं हाड जुळलं, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. तिला जमिनीवर बसता येईना, म्हणून अंगणवाडीतलं काम तिने सोडलं. राजरत्न त्यांच्याकडे जायचा, चहा प्यायचा, आणि आज सांगू असं ठरवून तसाच परत यायचा. घरचा जिना चढताना रोज त्याला वाटे, उद्या सांगू. अशी तीन वर्षं गेली.

मग जयदेवच्या मुलीने, रिद्धीने, कॉलेजला जायला जुनी स्कूटी घेतली. जयदेव ती घेऊन विठ्ठलवाडीला आला. "राजा, हिच्या सगळ्या लाइटी तू बघ. मी हात लावणार नाय. माझ्या हाताचा भरवसा नाय राह्यला."

राजरत्नने सगळं तपासलं. जयदेव मागे जाऊन उभा राहिला. "ब्रेक दाब." दिवा लागला. "परत दाब." लागला. "अजून एकदा." असं किती वेळा झालं कोण जाणे. राजरत्नने ब्रेकवरचा हात काढला.

"जयदेव, त्या दिवशी लाइट लागली होती."

"काय?"

"लागली होती. मी फोन बघत होतो. वायर नंतर मी काढली. तुझ्या अंगणात येऊन."

राजरत्नला वाटलं होतं, तो मारेल, शिव्या देईल. त्यातलं काही झालं नाही. जयदेवने स्कूटीच्या सीटवरून हात फिरवला आणि लहान आवाजात विचारलं, "मंग मी गाडी का विकली?"

राजरत्नने स्कूटीची चावी काढून त्याच्यापुढे धरली.

"वेणूला तू सांग," जयदेव म्हणाला. "मी नाय सांगणार."

त्याच दिवशी राजरत्न पालेगावला गेला. वेणू खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने हातातली शेंग सोलून पुरी केली, दाणे ताटात टाकले.

"भाऊजी, पाय मोडला त्याचं काय नाय," ती म्हणाली. "चूक कुणाच्याही हातून होते. पण हा माणूस तीन वर्षं रोज संध्याकाळी माझा पाय चोळतो, माझ्याकडे न बघता. ते तुम्ही बघत होता ना? आमच्याकडे चहा पीत बघत होता."

राजरत्नने हात जोडले. ती आत निघून गेली, भिंतीला धरत.

दुसऱ्या दिवशी त्याने वेणूच्या दोन्ही भावांना फोन करून खरं सांगितलं. एकाने ऐकून घेतलं, दुसऱ्याने मध्येच फोन ठेवला. मग तो जयदेवची जुनी गाडी शोधायला निघाला. ती घेतलेल्या बदलापूरच्या माणसाने ती पुढे शहापूरला विकली होती, आणि तिथल्या माणसाने सुटे भाग करून विकून टाकली होती.

जयदेवने बोलणं तोडलं नाही. अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात दोघं कधी समोरासमोर आले तर तो थांबतो, भावनाच्या पाठीची चौकशी करतो. फक्त पंचवीस वर्षं ज्याला 'अरे राजा' म्हणून हाक मारली, त्याला तो आता 'तुम्ही' म्हणतो. राजरत्नही 'बरं आहे' एवढंच बोलतो, आणि जयदेव गर्दीत दिसेनासा होईपर्यंत पिशवी हातात धरून तिथेच उभा राहतो.